हेडलाइटच्या काचेला आतून दव धरतंय, तळाशी पाणीही साचतंय: नेमकं काय बंद करायचं?

पाचवा_गिअर

गाडीला पाच वर्षं झाली. हेडलाइटमध्ये लो बीमला प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा), हाय बीमला साधा रिफ्लेक्टर (आरशासारखी चकचकीत वाटी). लो बीमचे मूळचे एच७ हॅलोजन काढून चार महिन्यांपूर्वी दोन्हीकडे मागे पंखा असलेले एलईडी बल्ब टाकले. सध्याची लक्षणं अशी:

उजवा दिवा: थंड सकाळी काचेच्या खालच्या, बाहेरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पांढुरका डाग. दुपारपर्यंत जातो.

डावा दिवा: अर्ध्याहून जास्त काच आतून धुरकट, त्यावर ठळक थेंब आणि ओघळ. पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर तळाच्या खोबणीत पाणी दिसतं, गाडी वळली की ते इकडून तिकडे सरकतं. दोन तास दिवा लावून ठेवला तरी जात नाही.

डाव्या टेललाइटमध्येही थोडं धुकं आहे.

काचेला बाहेरून तडा दिसत नाही. आतापर्यंत ऐकलेले उपाय तीन: तळाला बारीक भोक पाडणं, आत सिलिका जेलची पुडी ठेवणं, काचेच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फिरवणं. यातलं काय करावं? की पूर्ण दिवाच बदलावा?

---

दवबिंदू

दिवा बदलायची घाई नको. उजव्याला काहीही झालेलं नाही. डाव्यात बाहेरून पाणी शिरतंय.

हेडलाइट हवाबंद नसतो, तो मुद्दाम श्वास घेणारा बनवलेला असतो. आतली हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की ती साधारण १० टक्के फुगते. हवेला बाहेर जायला वाट नसती तर आत सुमारे ०.१ बार जादा दाब तयार झाला असता. ऐकायला कमी वाटतं, पण १००० चौरस सेंमीच्या काचेवर हा जोर जवळजवळ १०० किलो वजनाइतका होतो. दिवा थंड होताना हाच जोर उलट दिशेने आत ओढतो, आणि जिथे सील किंचित कच्चं असेल तिथून पाणी खेचून घेतो. म्हणून प्रत्येक दिव्याला मागे श्वासमार्ग दिलेले असतात: कुठे खाली वळवलेली रबरी नळी, कुठे टोपी, कुठे नाण्याएवढा पांढरा किंवा काळा सूक्ष्मछिद्री पडदा. पडद्यातून हवा आणि बाष्प जातं, पाण्याचा थेंब जात नाही.

आता हिशोब करा. दिव्यात १० लिटर हवा धरू. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत दर घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे रात्री दिवा ३० वरून २० वर आला, तर १० लिटर हवेतून जास्तीत जास्त ०.१३ ग्रॅम पाणी सुटेल. दोन-तीन थेंब, बास. पण तेवढंच पाणी काचेवर सारखं पसरलं तर एक मायक्रॉनपेक्षा जरा जाड थर होतो आणि सगळी काच दुधाळ दिसते. दोन थेंबांचा देखावा मोठा असतो, लोक तिथेच फसतात.

उलट, तळाशी हलणारं पाणी म्हणजे काही मिलिलिटर. एका थंड रात्रीत हवेतून एवढं पाणी येणं शक्यच नाही. तेव्हा काच किती पांढरी झाली ते बघण्यापेक्षा पाणी किती निघतं ते मोजा. दिवा काढा, बल्बच्या भोकातून पाणी एका वाटीत ओता, सुई नसलेल्या सिरिंजने मापा आणि आकडा इथे सांगा.

---

पट्टी_पाना

सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, तळाला २ मिमीचं भोक पाडा, वरून सिलिकॉन लावा. विषय संपला. एवढा हिशोब कशाला?

---

रबरी_बूट

विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. तिन्ही उपाय एकेक करून घेऊ.

भोक: आत आलेलं पाणी भोकातून निघेल हे खरं. पण त्याच भोकातून चाकाने उडवलेलं पाणी, धूळ आणि किडे आत जातात. रिफ्लेक्टरवर बसलेली धूळ पुसता येत नाही. तिथे ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की मऊ कापडानेही ओरखडे पडतात. शिवाय ड्रिलची बुकटी आतच राहते आणि प्रोजेक्टरच्या भिंगामागे जाऊन बसते. वॉरंटी उरली असेल तर तीही गेली.

सिलिका जेल: नेहमीच्या दमटपणात ती आपल्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी धरते. डाव्या दिव्यात १५ मिलि पाणी असेल तर ६० ते ७५ ग्रॅम जेल लागेल, आणि पुढच्या पावसात तेवढीच पुन्हा. श्वास घेणाऱ्या दिव्यात ठेवलेली १० ग्रॅमची पुडी बाहेरच्या हवेतलाच ओलावा ओढत बसते आणि काही आठवड्यांत भरून जाते. भरलेली पुडी दिवा तापला की तेच पाणी परत सोडते. हॅलोजनजवळ ठेवली तर कागद करपतो. दिवा काढून वाळवताना, शेवटचा ओलावा ओढायला पुडी चांगली. कायमची भाडेकरू म्हणून नको. वापरलेली जेल ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा चालते. निळे मणी असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नेऊ नका.

बाहेरून सिलिकॉन: हा उपाय दिसायला सर्वात शहाणा आणि करायला सर्वात वाईट. एक तर गळती कुठे आहे हे कळण्याआधीच सगळी कड बुजते. ती मागच्या झाकणातून असेल तर पाणी येतच राहतं आणि काचेच्या कडेची मेहनत वाया जाते. दुसरं, कडेची फट वरून बुजली तरी आतल्या चरात शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं. तिसरं म्हणजे सिलिकॉनची जात. लावल्यावर व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. त्याने रिफ्लेक्टर डागाळतो, तांब्याची टोकं हिरवी पडतात. कुठे लावायचंच झालं तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. ते दिवसाला दोन-तीन मिमी जाडीच पक्कं होतं, तेव्हा २४ तासांच्या आत पाण्याजवळ नेऊ नका.

आणि सिलिकॉनची नळी हातात आली की माणूस ती श्वासमार्गावरही फिरवतोच. तसं केलंत तर वर सांगितलेला १०० किलोचा जोर तुमच्या सीलवर रोज पडेल.

माझा अंदाज मागच्या झाकणावर आहे. एच७च्या जागी पंखेवाला एलईडी बसवला की मागे तीन-चार सेंमी जास्त जागा लागते. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांमागची जागा सारखी नसते, एकीकडे बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा आडवा येतो. डाव्या दिव्याचं झाकण पूर्ण बसतं का? की त्याला भोक पाडून वायर बाहेर काढली आहे?

---

पाचवा_गिअर

बरोबर पकडलंत. डावीकडे पंखा झाकणाला टेकत होता म्हणून झाकणात गोल भोक पाडून वायर आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी डबी) बाहेर काढलेत. भोकात टेप गुंडाळली आहे. उजवीकडे झाकण पूर्ण लागतं.

पाणी मोजलं. १४ मिलि निघालं, किंचित मातकट.

---

दवबिंदू

१४ मिलि, तेही मातकट. हवेतून आलेलं बाष्प स्वच्छ असतं, त्यात माती नसते. गळती पक्की.

तरी झाकणावर शिक्का मारण्याआधी चाचणी करा. भोक दिसलं म्हणून तेच एकमेव असेल असं नाही. पद्धत अशी:

१. दिवा गाडीतून काढून टेबलावर घ्या. आधी दिव्यांचा स्विच बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. मूळचा झेनॉन असलेल्या दिव्यात तर हे टाळूच नका, तिथे ठिणगी पेटवायला हजारो व्होल्ट लागतात.

२. बाहेरून नीट पुसून कोरडा करा. ओल्या कडेवर बुडबुडे कुठून आले ते कळत नाही.

३. श्वासमार्ग सगळे शोधा, बहुतेक दिव्यांत दोन तरी असतात. एक सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावा. पडदा असेल तर त्यावर आधी कागदाचा गोल तुकडा ठेवून मग पट्टी लावा. साबणाचं पाणी पडद्याला लागू देऊ नका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी त्या सूक्ष्म छिद्रांत मुरतं आणि पडदा कायमचा निकामी होतो. टायर चमकवणारे फवारे, तेल, मेण यांनीही तेच होतं.

४. उरलेल्या श्वासमार्गाला पारदर्शक नळी जोडा आणि तोंडाने फुंका. तोंडाचा दाब इथे पुरतो. कॉम्प्रेसर लावू नका. टायरमध्ये हवा भरायच्या दाबाने सील फाटतं, काच हाउसिंगपासून (दिव्याच्या मागच्या प्लास्टिकच्या पेटीपासून) सुटते, मग नसलेली गळती तयार होते.

५. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब टाकून ब्रशने क्रमाने लावा: काच आणि हाउसिंग यांचा सांधा, मागची झाकणं, इंडिकेटरचा होल्डर, पार्किंग बल्बचा होल्डर, बीम वर-खाली करणारी मोटर, मुख्य कपलर (वायर जोडायचा प्लग). फुंकणारा एक, बघणारा दुसरा असला तर बरं.

वरचा सांधा आधी तपासा. दिवा गाडीत असताना पाणी वरच्या चरातच साचून राहतं. तिथली केसाएवढी फट खालच्या मोठ्या फटीपेक्षा जास्त पाणी पाजते.

---

पट्टी_पाना

मोटरमधून कसली गळती? ती तर हाउसिंगमध्ये फिरवून बसवलेली असते.

---

रबरी_बूट

फिरवून बसवलेली असते, आणि तिच्या मानेवर ओ-रिंग (रबरी गोल कडी) असते. मोटर कधी काढून बसवली असेल तर रिंग वळते, चिमटते किंवा खाली पडून हरवते. बल्बच्या होल्डरचंही तसंच. जुनी रिंग चपटी झाली असेल, तिचा काप गोल राहिला नसेल, तर नवी घाला. सिलिकॉन ग्रीसचा नावापुरता पातळ थर द्या, बोटाला चमक दिसेल इतकाच. रबराला पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल लावू नका. ईपीडीएम जातीचं रबर त्याने फुगतं आणि सैल पडतं.

---

पाचवा_गिअर

चाचणी झाली. झाकणातल्या टेपमधून बुडबुड्यांचा फेस. वरच्या सांध्यावर, होल्डरांवर, मोटरवर काही नाही. पण विचित्र गोष्ट: टेपवर बोट दाबून धरलं तरी ड्रायव्हरच्या डबीकडच्या मोकळ्या कपलरमधून बारीक बुडबुडे येतात. ते तर दिव्याच्या बाहेर, एक वीत लांब आहे.

---

दवबिंदू

विचित्र वाटतं, पण ही नेहमीची चोरवाट आहे. वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची जुडी. तारांच्या मधल्या फटी केशनलिकांसारख्या वागतात. दिवा थंड होताना आत ओढ लागते आणि कपलर ओला असेल तर पाणी वायरच्या आवरणाच्या आतून प्रवास करत थेट दिव्यात येतं. भोकाला कितीही रबर लावा, हा मार्ग सुरूच राहतो.

उपाय: वायर एका जागी कापून दोन्ही टोकं पुन्हा जोडा आणि त्यांना शिशाचा पूर्ण डाग द्या (सोल्डर करा), जेणेकरून डाग तारांच्या मधल्या फटीत भरेल. त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा, गोंद दोन्ही टोकांनी बाहेर डोकावेपर्यंत तापवा. साधी आकसनळी पुरत नाही, ती फक्त झाकते. डागाची जागा वाकणाऱ्या भागात ठेवू नका, नाही तर तार तिथेच तुटते. आणि वायरला झाकणात शिरण्याआधी खाली झोळ द्या. पाणी वायरवरून ओघळत झोळाच्या तळाशी गळून पडतं, झाकणापर्यंत चढत नाही.

---

रबरी_बूट

ही डागडुजी करण्याआधी एक सरळ प्रश्न: एलईडी ठेवायचेच आहेत का?

हॅलोजन एच७ हा ५५ वॅटचा बल्ब. त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन बाहेर पडते, बरीचशी अवरक्त किरणांच्या रूपात समोर काचेकडे जाते. सकाळचं दव वाळवायचं काम तीच करत असते. एलईडीची उष्णता मागे, पंख्याकडे जाते, काच थंडच राहते. म्हणून एलईडी टाकल्यावर चांगल्या दिव्यातही दव जास्त वेळ टिकतं. तुमच्या उजव्या दिव्याचा सकाळचा डाग दुपारपर्यंत रेंगाळतो तो यामुळेच. मूळचे एलईडी दिवे बनवताना हे धरून श्वासमार्ग जास्त ठेवलेले असतात, काचेच्या आतून दव न धरणारा लेप असतो. तुमच्या दिव्यात हिशोब हॅलोजनचा आहे.

दुसरी अडचण: झाकण बंद केलं तर पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि एलईडीचं आयुष्य घटतं. झाकण उघडं ठेवलं तर पाणी. इकडे आड, तिकडे विहीर. तिसरी, प्रकाशाची: प्रोजेक्टर आणि रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेले असतात. चिप मिलिमीटरभर पुढे-मागे झाली तरी समोरच्याच्या डोळ्यावर झोत जातो.

माझा कौल स्पष्ट आहे. भोक पाडलेलं झाकण टाकून द्या, त्याच दिव्याचं नवं मूळ झाकण घ्या, एच७ परत बसवा. वायर कापणं, डाग देणं, आकसनळी हे सगळं मग आपोआप टळतं. एलईडी ठेवायचाच हट्ट असेल तर खोलगट रबरी झाकण मिळतं ते घ्या. वायरसाठी त्याला मूळचंच घट्ट भोक असलेलं बघा, घरी कापलेलं नको.

एच७ बसवताना काचेच्या भागाला बोट लावू नका. लागलंच तर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हे अल्कोहोल फक्त बल्बसाठी. दिव्याच्या काचेला आतून अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावलं की दवरोधक लेप असेल तर तो उतरतो. काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, ॲसिटोनने ती पांढरी पडून तडकते.

---

दवबिंदू

वाळवण्याबद्दल, कारण इथे घाई केली की चांगला दिवा वाया जातो.

सगळी झाकणं, बल्ब, होल्डर काढा. दिवा हळूहळू फिरवत पाणी ओतून टाका. आत कापड, कापूस, कानकोरणी काही घालू नका. मातकट पाणी होतं म्हणून तळाशी गाळाची रेघ असेल. ती समोरून दिसत नसेल तर सोडून द्या. दिसत असेल तर पेलाभर डिस्टिल्ड पाणी फक्त तळात खळबळून ओता, रिफ्लेक्टरवर जाऊ देऊ नका. नळाचं पाणी नको, क्षारांचे डाग राहतात.

मग हेअर ड्रायर सर्वात कमी आचेवर, एका भोकातून हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. हाउसिंगवर हात ठेवता आला पाहिजे, म्हणजे तापमान ५० अंशांच्या आसपास आहे. अर्धा तास ड्रायर, मग साध्या पंख्यासमोर चार-पाच तास. शेवटी सिलिका जेल आत लटकवून, भोकांवर जाळीदार कापड लावून एक रात्र एसीच्या किंवा कोरड्या खोलीत. पट्टी_पाना यांची पुडी इथे कामी येते. पुडीला दोरा बांधून टोक बाहेर ठेवा.

उन्हात वाळवणार असाल तर काच सूर्याकडे करू नका. प्रोजेक्टरचं भिंग उलट्या दिशेनेही काम करतं. सूर्याचा बिंदू आतल्या प्लास्टिकवर पडतो आणि ते वितळतं. दिवा पालथा ठेवा किंवा भिंगावर कापड टाका.

वाळल्यावर काचेवर ओघळांच्या फिकट खुणा राहिल्या तर समजा, तिथे लेप असेल तर तो वाहत्या पाण्याने धुतला गेलाय. प्रकाशाला त्याने फरक पडत नाही. पुसायला जाऊ नका.

---

कपलर_किडा

विषयाला धरूनच विचारतो. माझ्या दिव्यात वरच्या सांध्यातून बुडबुडे येतात, मागची सगळी झाकणं ठीक आहेत. काच उघडून पुन्हा बसवावी का?

---

रबरी_बूट

आधी सील कसलं आहे ते बघा. सांध्याच्या चरात बारीक टोकाने दाबा. काळं, डिंकासारखं चिकट, तार धरणारं असेल तर ब्युटाइल. घट्ट रबरासारखं, न चिकटणारं असेल तर पॉलियुरेथेन किंवा तत्सम पक्कं सील. पक्कं सील उष्णतेने मऊ होत नाही. ते कापावं लागतं आणि कापताना चराच्या भिंती तुटतात, त्यामुळे तिथे काच उघडण्याच्या भानगडीत पडू नका. फट असेल तेवढाच भाग साफ करून, वाळवून, काच आणि हाउसिंग दोन्हीला चिकटणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटने बाहेरून भरा.

ब्युटाइल असेल तर कित्येकदा उघडायचीही गरज नसते. गळतीच्या जागी हीट गनने सांधा तापवा. गन १५-२० सेंमी लांब आणि सतत हलती, एका जागी थांबली की काचेवर लाट येते. ब्युटाइल मऊ झालं की काच हाउसिंगवर दाबून क्लॅम्प लावा आणि थंड होईपर्यंत ठेवा. काच हाउसिंगला धरून ठेवणारं लॉक तुटलेलं असेल तर मात्र काच पुन्हा उचलली जाते. तडा बहुतेकदा त्या लॉकपाशीच सुरू होतो, तेव्हा तिथे आधी बघा.

पूर्ण उघडायचीच वेळ आली तर: बल्ब, मोटर, झाकणं, सांध्यावरचे स्क्रू आणि क्लिप सगळं काढा. एक स्क्रू राहिला तरी काच तिथेच फुटते. ओव्हन ९० ते १०० अंशांवर आधी तापवून घ्या, तापमान वेगळ्या थर्मामीटरने पडताळा. ओव्हनची खूण १०-१५ अंश खोटं बोलते. दिवा लाकडी फळीवर ठेवा, धातूच्या जाळीला किंवा तापणाऱ्या सळीला चिकटता कामा नये. १० ते १२ मिनिटं. मग एका कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने उचलायला सुरुवात, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. जड जाऊ लागलं तर जोर लावू नका, पुन्हा पाच मिनिटं आत. खाण्याच्या ओव्हनमध्ये हे करू नये हे वेगळं सांगायला नको.

चरातलं जुनं ब्युटाइल गरम असतानाच ओढून काढा. सगळं निघायला हवं असं नाही, नव्याला जुनं चिकटतं. पण माती लागलेला भाग काढाच. नवी ब्युटाइलची दोरी चर भरेल इतक्या जाडीची, सहसा ८ ते १० मिमी. ती ताणू नका. ताणलेली दोरी नंतर आखडते आणि जोडावर फट पडते. सुरुवात आणि शेवट दिव्याच्या खालच्या बाजूला येऊ द्या, १५ मिमी एकावर एक. वरच्या बाजूला जोड ठेवला तर पाणी नेमकं तिथेच उभं राहतं. बंद करण्याआधी आतल्या भिंगावर बोटाचे ठसे आहेत का बघा. काच बसवून पुन्हा ७-८ मिनिटं तापवा, क्लॅम्प लावा, क्लिपा घाला, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा. थंड झाल्यावर तोंडाने फुंकायची चाचणी पुन्हा.

केसाएवढा तडा असेल तर तापवून उपयोग नाही. पातळ यूव्ही रेझिन त्यात मुरवून घट्ट करा. साध्या झटपट गोंदाची वाफ काचेला आतून पांढरी साय आणते, ती निघत नाही.

---

दवबिंदू

टेललाइटचं राहिलं. बहुतेक टेललाइटची काच हाउसिंगला वेल्ड केलेली असते, ती उघडत नाही. ओव्हनची कल्पना इथे डोक्यातून काढा. दोन जागा बघा: बल्बच्या पट्टीभोवतीचं गॅस्केट, आणि दिवा व गाडीचा पत्रा यांच्यामधलं फोमचं गॅस्केट. दुसरं गेलं तर दिव्यात थोडं आणि डिकीत जास्त पाणी जातं. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा. तिथे ओल असेल तर फोम नवा लावा आणि दिव्याचे नट हातानेच बसवून मग आळीपाळीने आवळा. जास्त आवळले तर हाउसिंगचे कान तुटतात, फोमही चेपून बसतो. बल्बच्या टोकांवर हिरवट थर असेल तर तो घासून काढा. इंडिकेटर अचानक भरभर लुकलुकायला लागला, ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा दिवा मंद झाला, अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हाच थर किंवा अर्थिंगचा गंज निघतो.

---

पाचवा_गिअर

नवं झाकण आणि एच७ दोन्ही बसवले, दिवा सांगितल्याप्रमाणे वाळवला, पुन्हा फुंकल्यावर एकही बुडबुडा नाही. फोमचं गॅस्केट एका कोपऱ्यात चिमटलेलं होतं, नवं लावलं. डिकी कोरडी होती. बसवल्यावर आणखी काय तपासायचं? आणि पहिल्या सकाळी पुन्हा थोडं दव दिसलं तर?

---

दवबिंदू

दिसेलच. पॉलिकार्बोनेट आणि हाउसिंगचं प्लास्टिक थोडा ओलावा आत मुरवून ठेवतात, तो सुटायला काही दिवस लागतात. कोपऱ्यातलं हलकं दव लो बीम लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर विरळ होत असेल तर ठीक. आठवड्याभराने पुन्हा ओघळ किंवा तळाशी पाणी दिसलं तर फुंकायची चाचणी परत.

श्वासमार्गांवरच्या चिकटपट्ट्या काढल्यात ना, हे आत्ताच जाऊन बघा. रबरी नळी असेल तर तिचं तोंड खालीच राहिलं पाहिजे, वायरिंगखाली दबता कामा नये.

---

रबरी_बूट

बीमची रेषाही जुळवून घ्या, दिवा काढला की ती हलतेच. सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. गाडीच्या आतला, बीम वर-खाली करायचा चकरी स्विच शून्यावर ठेवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखा. दिव्यावर वेगळा आकडा छापलेला नसेल तर लो बीमची आडवी रेषा त्याच्या १० सेंमी खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार.

धुताना: लांबून आल्याआल्या तापलेल्या दिव्यावर थंड पाणी मारू नका. आतली हवा एकदम आकसते आणि सगळी सीलं एकाच वेळी ओढली जातात. १५-२० मिनिटं थांबा. प्रेशर वॉशरचं नोझल दिव्यापासून निदान ३० सेंमी लांब, धार सांध्यावर सरळ नको. बॉनेट उघडून दिव्याच्या मागच्या बाजूला तर धार मारूच नका. झाकणांची रबरं वरून पडणाऱ्या आणि उडणाऱ्या पाण्यासाठी असतात, त्या धारेसाठी नाहीत.

---

पट्टी_पाना

चिकटपट्ट्यांचं काय झालं ते सांगा.

---

पाचवा_गिअर

एक राहिली होती. काढली.